शनिवारची रात्र आणि पाव मैल डांबर

(दृश्य: संध्याकाळ. स्टेडियमकडे वळणारी गाड्यांची लांब रांग.)

विन्स्टन-सेलम, नॉर्थ कॅरोलायना. उन्हाळ्यातली शनिवारची संध्याकाळ. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, सगळा लवाजमा बोमन ग्रे स्टेडियमच्या दिशेने निघालाय. कुणाच्या काखेत बसायची गादी, कारण आत काँक्रीटच्या पायऱ्या आहेत. पोरांच्या कानांवर त्यांच्या डोक्याएवढे इअरमफ. आणि मोठ्यांच्या अंगात टी-शर्ट. टी-शर्टवर एका रेस ड्रायव्हरच्या गाडीचा नंबर आणि त्याचं आडनाव. तो नंबर नीट बघून ठेवा. कोण कुणाशेजारी बसणार आणि कोण कुणाच्या नावाने बोंब मारणार, हे त्याच्यावर ठरतं.

(दृश्य: ड्रोनमधून स्टेडियम. मधोमध हिरवं मैदान, भोवती काळा पट्टा.)

वरून पाहिलं तर हे फुटबॉलचं मैदान आहे. अमेरिकन फुटबॉलचं. महामंदीच्या काळात सरकारने बेकारांना काम मिळावं म्हणून देशभर जी बांधकामं काढली, त्यातलंच हे एक. 1938 मध्ये ते खुलं झालं. मैदानाभोवती डांबराचा जो पट्टा दिसतोय, तोच आजचा रेस ट्रॅक. लांबी पाव मैल, म्हणजे साधारण 400 मीटर. शाळेच्या क्रीडास्पर्धेत आपण ज्या ट्रॅकवर धापा टाकत एक फेरी मारतो, तेवढाच. एवढ्याशा जागेत वीस-बावीस गाड्या एकाच वेळी सोडतात.

आणि ट्रॅक सपाट आहे. अगदी ताटासारखा नसेल, पण फ्लोरिडातल्या डेटोनाच्या मोठ्या ट्रॅकवर वळणांना 31 अंशांचा उतार असतो, गाडी त्या उतारावर अंग टाकून वळते. इथे अंग टाकायला काही नाही. इथल्या सर्वांत वेगवान गाड्यांना एक फेरी मारायला तेरा-चौदा सेकंद लागतात. हिशोब केला तर सरासरी वेग ताशी शंभर किलोमीटरच्या थोडा वर. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं, आमच्या पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर लोक एका हाताने वडापाव खात याच वेगाने जातात. जातात खरे. पण त्यांना दर सहा-सात सेकंदांनी यू-टर्न मारायचा नसतो, तोही दोन्ही बाजूंना गाड्या घासत असताना.

(दृश्य: पिटमधला भाग. जॅकवर चढवलेली मॉडिफाइड गाडी. जवळून: टायरभोवती गुंडाळलेली मोजपट्टी.)

या गाड्यांना म्हणतात मॉडिफाइड. बसक्या, रुंद, चाकं पत्र्याच्या बाहेर उघडी. शोरूममधल्या कुठल्याही गाडीशी यांचं नातं आता उरलेलं नाही. नाव मात्र अजून स्टॉक कार रेसिंग, म्हणजे शोरूममधल्या गाड्यांची शर्यत.

हा पोरगा काय करतोय, ते जरा थांबून बघू. मागच्या उजव्या टायरभोवती त्याने मोजपट्टी फिरवली, आकडा वाचला, खडूने टायरवरच लिहिला. आता डावा. डाव्याचा परीघ इंच-दोन इंचांनी कमी भरतो. मुद्दामच. मागची दोन्ही चाकं एकाच आसाला जखडलेली, एकत्रच फिरणार. बाहेरचं चाक मोठं, आतलं लहान, म्हणजे गाडी आपसूक डावीकडे ओढ घेणार. आज रात्रभर वळायचंय तेही फक्त डावीकडेच. सरळ रस्त्यावर हीच गाडी चालवायला घेतली तर स्टेअरिंगशी झटापट करावी लागेल. पण सरळ रस्ता इथे आहेच कुठे?

हवा थोडी जास्त भरली की टायर फुगतो, परीघ बदलतो, ओढ बदलते. म्हणून तो पुन्हा हवा सोडतो, पुन्हा मोजतो. आठवडाभर कुठल्यातरी गॅरेजमध्ये किंवा कारखान्यात पाना फिरवून, संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये या गाडीखाली शिरणारी ही माणसं. मदतीला भाऊ, मेहुणा, शेजारी. बक्षिसाच्या पैशांतून टायरचा खर्च निघाला तरी नशीब.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

1949. अमेरिकेत स्टॉक कार शर्यती भरवणारी नॅसकार ही संस्था तेव्हा जेमतेम वर्षभराची. तिचा संस्थापक बिल फ्रान्स आणि त्याचा साथीदार ॲल्विन हॉकिन्स यांनी या फुटबॉलच्या मैदानात शर्यती सुरू केल्या. नॅसकारच्या छत्राखाली दर आठवड्याला शर्यती भरवणाऱ्या ट्रॅकमध्ये याच्याइतका जुना दुसरा नाही. कारभार पुढे हॉकिन्स घराण्यातच पिढ्यान्‌पिढ्या राहिला. 2024 मध्ये नॅसकारने तो थेट आपल्याकडे घेतला. लोकांनी ट्रॅकला ठेवलेलं नाव मात्र कारभाऱ्यांबरोबर बदललं नाही. ते म्हणतात, ‘द मॅडहाउस’. वेड्यांचा बाजार.

त्या सुरुवातीच्या काळाबद्दल बोलताना एक गोष्ट गिळून टाकणं बरं नव्हे. 1952 मध्ये वेंडेल स्कॉट नावाचा व्हर्जिनियाचा मेकॅनिक आपली गाडी ओढत विन्स्टन-सेलमला नॅसकारच्या शर्यतीसाठी आला होता. तो कृष्णवर्णीय होता. अधिकाऱ्यांनी त्याला उतरू दिलं नाही, तो तसाच परत गेला. पुढे 1963 मध्ये नॅसकारच्या सर्वोच्च श्रेणीची शर्यत जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर ठरला, आणि त्या दिवशीही करंडक दुसऱ्याच्याच हातात दिला गेला. या स्टेडियममध्ये शर्यतींचा हंगाम संपला की फुटबॉल खेळतो तो विन्स्टन-सेलम स्टेट विद्यापीठाचा संघ. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभी राहिलेली ही संस्था. मैदान एकच, पण शनिवारच्या त्या दोन गर्दींचे चेहरे अजूनही फारसे सारखे नसतात.

(दृश्य: हिरवा झेंडा. आवाज.)

झेंडा पडला!

पहिल्या वळणावर काय होतं बघा. ज्याला त्याला आतली बाजू हवी. सपाट ट्रॅकवर आतून जाणारा कमी अंतर कापतो. बाहेरच्याला जास्त पळावं लागतं, शिवाय बाहेरच्या पट्ट्यात टायरच्या घासलेल्या रबराच्या गोळ्या साचतात, त्यावर चाक गेलं की पकड सुटली. म्हणजे पुढच्याने आतली बाजू धरून ठेवली की मागच्याकडे उपाय दोनच. एक तर तो चुकेपर्यंत वाट बघायची. नाहीतर त्याला चुकवायचं.

ही निळी गाडी पुढे, पिवळी तिच्या शेपटीला. निळ्याने वळणाआधी ब्रेक मारला. ब्रेक लागला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. नेमक्या त्या क्षणी पिवळ्याने बंपर टेकवला. फार नाही, नुसता धक्का. निळ्याची मागची बाजू सरकली, गाडी अर्धा हात बाहेर गेली, आत फट पडली आणि पिवळी त्या फटीतून पुढे. इथल्या भाषेत हे ‘बंप अँड रन’. ढकल आणि पळ.

आता हाच धक्का जरा जोरात बसला असता तर निळी गाडी गरकन फिरून भिंतीला लागली असती. मग तो डाव राहत नाही, दांडगाई होते. दोन्हींतलं अंतर किती? ते तुम्ही कुठल्या नंबरचा टी-शर्ट घातलाय त्यावर अवलंबून आहे. पिवळ्याची माणसं म्हणतील, काय कसब! निळ्याची माणसं काय म्हणतायत ते या चित्रफितीत ऐकवण्यासारखं नाही.

(दृश्य: पिवळा झेंडा. गाड्या हळू. बाहेर उतरलेला ड्रायव्हर हातवारे करतो.)

मोठ्या नॅसकारमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, ड्रायव्हर दर आठवड्याला वेगळ्या राज्यात असतो. एका ठिकाणचं भांडण तिथेच विरण्याची थोडी तरी शक्यता. इथे ती सोय नाही. आज ज्याने तुम्हाला भिंतीवर घातलं, तो पुढच्या शनिवारी याच पाव मैलावर, बहुतेक तुमच्या शेजारच्याच रांगेत. त्याची शेड तुमच्या घरापासून फार लांब नाही. पुढच्या शनिवारीच काय, त्याच्या पुढच्या वर्षीही तो इथेच असणार. माणसं डूख धरतात. उट्टं काढायला दोन-दोन हंगाम थांबतात. आणि प्रेक्षकांची स्मरणशक्ती तर ड्रायव्हरपेक्षा पक्की. मला विचाराल तर लोक तिकीट काढतात ते वेगासाठी नव्हे, या चालू हिशोबाचं पुढचं पान बघण्यासाठी.

(दृश्य: मायर्स बंधूंची जुनी छायाचित्रं.)

काही हिशोब आजोबांपासूनचे. बॉबी आणि बिली मायर्स, विन्स्टन-सेलमचे दोघे भाऊ, पन्नासच्या दशकात इथले हिरो. 1957 मध्ये बॉबी साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनच्या शर्यतीत अपघातात गेला. जेमतेम सात महिन्यांनी, 1958 च्या एप्रिलमध्ये, बिली याच ट्रॅकवर शर्यत चालू असताना हृदयविकाराच्या झटक्याने गेला. कुणालाही वाटेल की त्या घराने यानंतर गाड्यांचं नाव काढलं नसेल. बिलीचा मुलगा गॅरी इथे शर्यती खेळला. गॅरीची मुलं, बर्ट आणि जेसन, हीही खेळली. बर्ट तर इथला अजिंक्यवीर, एकदा नव्हे, अनेकदा.

त्याच्या समोर उभा टिम ब्राउन. मॉडिफाइडमध्ये या ट्रॅकवरचे सर्वाधिक विजय त्याच्या नावावर, शंभराच्या पुढे. दोघांची अजिंक्यपदं मिळून वीसच्या वर जातात. यांच्यातली खुन्नस इतकी जुनी की एकाला टाळ्या पडल्या की दुसऱ्या बाजूने हुर्यो ठरलेली.

(दृश्य: सिगारेटच्या जुन्या जाहिराती. शहराचं दृश्य.)

शहराचं नाव विन्स्टन-सेलम. दोन्ही शब्द सिगारेटच्या पाकिटांवर वाचल्यासारखे वाटले तर वाटणारच, विन्स्टन आणि सेलम या सिगारेटच्या ब्रँडना नावं शहरावरूनच मिळाली. आर. जे. रेनॉल्ड्स ही तंबाखू कंपनी इथलीच, आणि बोमन ग्रे हे त्या कंपनीचे प्रमुख. त्यांचंच नाव स्टेडियमला.

1958 ते 1971 या काळात नॅसकारची सर्वोच्च श्रेणीही या ट्रॅकवर यायची. रिचर्ड पेटीने कारकिर्दीतला शंभरावा विजय 1969 मध्ये इथेच मिळवला. मग 1971 मध्ये टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. कंपनीकडे पैसा होता, जाहिरातीला जागा नव्हती. तो पैसा नॅसकारमध्ये ओतला गेला आणि सर्वोच्च मालिकेला नाव मिळालं विन्स्टन कप. पैसा आला तसं वेळापत्रक आखडलं. 1972 पासून 250 मैलांपेक्षा छोट्या शर्यती वेळापत्रकातून गेल्या. बोमन ग्रेची शर्यत 250 फेऱ्यांची असायची. फेऱ्या, मैल नव्हेत. मैल भरायचे साडेबासष्ट. म्हणजे गावच्याच कंपनीच्या पैशाने खेळ एवढा मोठा झाला की गावच्या ट्रॅकवर तो मावेनासा झाला.

शेवटच्या शर्यतीचा घोळ तर औरच. 6 ऑगस्ट 1971. गाड्या कमी पडल्या म्हणून धाकट्या श्रेणीतल्या गाड्यांनाही घेतलं होतं. बॉबी ॲलिसन त्यातलीच एक फोर्ड मस्टँग घेऊन उतरला आणि जिंकला. पण धाकट्या गाडीचा विजय मोठ्या खात्यात मांडायचा कसा? मांडलाच नाही. त्या शर्यतीच्या विजेत्याची जागा 53 वर्षं रिकामी राहिली. अखेर ऑक्टोबर 2024 मध्ये नॅसकारने तो विजय ॲलिसनच्या नावे केला, त्याचा 85 वा. त्यानंतर काही आठवड्यांनी ॲलिसनचं निधन झालं.

(दृश्य: फेब्रुवारी 2025. थंडीचे कपडे घातलेली गर्दी.)

फेब्रुवारी 2025 मध्ये मोठी नॅसकार परत आली, हंगामापूर्वीच्या ‘क्लॅश’ या प्रदर्शनी शर्यतीसाठी. चेस एलियट जिंकला. पण गावाचं लक्ष त्याच्याइतकंच दुसरीकडे होतं. बर्ट मायर्स आणि टिम ब्राउन या दोघांनाही या निमित्ताने कप मालिकेची, म्हणजे सर्वोच्च श्रेणीची गाडी मिळाली होती. ब्राउनने पन्नाशी ओलांडलेली. एरवी तो ज्या संघात गाड्या तयार करायचं काम करतो, त्याच संघाने त्याला स्टेअरिंगमागे बसवलं. असा योग कागदावर रचला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता.

(दृश्य: पुन्हा शनिवारची रात्र. चार सिलिंडरच्या छोट्या गाड्या.)

मॉडिफाइड आटोपल्या की बाकीच्या श्रेणी. स्पोर्ट्समन, स्ट्रीट स्टॉक आणि सर्वांत खाली स्टेडियम स्टॉक. जुन्या चार सिलिंडरच्या गाड्या, पत्रा ठोकून सरळ केलेला, नंबर ब्रशने काढलेला. नवखे इथून सुरुवात करतात. एखाद्या रात्री दोन गाड्या साखळीने बांधून पळवण्याची चेन रेस असते, कधी शेवटची गाडी चालू राहीपर्यंत एकमेकांना ठोकायची डिमोलिशन डर्बी. क्रीडाप्रकार म्हणून त्यांचं मोल फार नसेल, पण पोरांना विचारा, तीच आठवण घेऊन ती घरी जातात.

(दृश्य: तपासणीची शेड. विजेती पिवळी गाडी. भोवती माणसं.)

पिवळ्या गाडीच्या ड्रायव्हरने करंडकाबरोबर फोटो काढले, माइकवर दोन वाक्यं बोलला, निम्म्या स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली आणि त्याने हसून हात हलवला. पण गाडी अजून घरी जाऊ शकत नाही. तपासनीस वजनकाट्यावर ती चढवतात, डाव्या बाजूला किती टक्के भार आहे ते बघतात, इंजिनाचे भाग मोजतात. नियमात बसली नाही तर करंडक परत. दहा पावलांवर निळ्या गाडीचा ड्रायव्हर हाताची घडी घालून उभा आहे, वजनाचा आकडा त्यालाही वाचायचाय. त्याचा मेहुणा मागचा वाकलेला बंपर हातोडीने सरळ करतोय.

“राहू दे तो,” ड्रायव्हर म्हणतो. “पुढचा आधी मजबूत कर.”