बाळी

[दृश्य : इंदिरानगरमधल्या एका घराची गॅलरी. पाऊस नुकताच थांबला आहे.]

नाशिकमधल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात त्या हिरव्या त्रिकोणावरून नजर हलत नाही, आणि म्हणूनच बहुधा, कठड्याशी ठेवलेल्या कुंडीकडे आमचे पुष्कळ दिवस लक्ष गेले नाही. आषाढाच्या सुरुवातीला या कुंडीत कारल्याच्या चार बिया रात्रभर भिजवून लावल्या होत्या. त्यांतल्या दोन रुजल्या. हे चित्रण त्यांपैकी एका वेलाचे आहे. अधिक नेमके सांगायचे तर, वेल ज्याने आधार धरतो, त्या धाग्याएवढ्या बारीक अशा एका अवयवाचे आहे.

वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘तणावा’ म्हणतात. नाशिकच्या द्राक्षबागांत त्यालाच ‘बाळी’ म्हणतात, आणि त्याचे वळण एकदा जवळून पाहिले की हा शब्द कानातल्या बाळीवरूनच आला असावा, असे मनापासून वाटते.

[दृश्य : तणाव्याचे टोक, अगदी जवळून. हालचाल वेगवान करून दाखवली आहे.]

सुरुवातीला तणावा सरळ असतो. त्याचे टोक हवेत संथपणे गोल फिरत राहते. हा फेरा इतका सावकाश असतो की समोर बसून पाहणाऱ्याला तो दिसत नाही, मात्र चहा घेऊन परत आल्यावर टोकाची जागा बदललेली आढळते. फिरता फिरता ते टोक कशाला तरी टेकते, आणि मग काही मिनिटांतच त्या बाजूला वाकू लागते. आमच्या गॅलरीत ते कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकले. संध्याकाळपर्यंत त्याने दोरीला विळखा घातला होता.

आम्हांला सर्वांत मोठे नवल वाटले ते त्यानंतरच्या गोष्टीचे. टोक पक्के धरले गेल्यावर दोरी आणि वेल यांच्यामधला मोकळा भाग स्प्रिंगसारखा वळू लागला, त्यामुळे त्याची लांबी कमी झाली आणि वेल दोरीकडे ओढला गेला. या स्प्रिंगची अर्धी वळणे एका दिशेची आणि उरलेली अर्धी विरुद्ध दिशेची होती, आणि मध्यभागी, जिथे दिशा बदलते, तिथे एक छोटासा सरळ तुकडा होता. चार्ल्स डार्विनने वेलींचा अभ्यास करताना एकोणिसाव्या शतकातच या उलट्या वळणाविषयी लिहून ठेवले आहे. कारण समजायला सोपे आहे. ज्या धाग्याची दोन्ही टोके घट्ट धरलेली आहेत, तो एकाच दिशेने वळत गेला तर त्याला पीळ पडत जाईल. म्हणून जितकी वळणे एका अंगाला, साधारण तितकीच दुसऱ्या अंगाला उलटी पडावी लागतात. जुन्या टेलिफोनच्या गुंडाळीदार वायरीतही अशीच दिशा बदललेली जागा अनेकांनी पाहिली असेल. ज्या तणाव्याला आधार मिळत नाही, तो मात्र एकाच दिशेने गुंडाळला जातो आणि पुढे वाळून जातो.

[दृश्य : उंबऱ्यासमोरची रांगोळी.]

माझी आई गेली चाळीस वर्षे दारात वेलीची रांगोळी काढते आहे. तिच्या वेलींचे आकडे नेहमी एकाच दिशेने वळत असत, कारण तिच्या आईने तिला तसेच शिकवले होते. चित्रण चालू असताना ती चष्मा लावून दोरीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, हा तर अर्ध्यावरून माघारी फिरलाय.” दुसऱ्या दिवशी तिच्या रांगोळीतला प्रत्येक आकडा मध्यावर उलटला होता. तिची बोटे जुन्या सवयीने पुन्हा पुन्हा चुकत होती आणि ती पुसून पुन्हा काढत होती. या संपूर्ण चित्रीकरणातला हा प्रसंग मला सर्वाधिक मोलाचा वाटतो.

[दृश्य : पांडवलेण्यांच्या पायथ्याचे दादासाहेब फाळके स्मारक.]

याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच देह ठेवणारे फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ सालच्या चित्रपटामुळे सर्वांना ठाऊक आहेत. त्याआधी, १९१२ साली, लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी जे चित्रण केले, त्यात राजा नव्हता, राजवाडा नव्हता, नट नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून बी रुजण्यापासून वेल वर चढेपर्यंतची वाढ सुमारे एका मिनिटात दाखवली. त्यांना भांडवल हवे होते, आणि ही ‘अंकुराची वाढ’ पाहूनच त्यांना कर्ज मिळाले. वाटाण्यालाही तणावे असतात. त्याच्या पानाच्या टोकाकडच्या पर्णिकांचेच ते बदललेले रूप असते. मोठ्या कथेचे स्वप्न पाहणाऱ्या माणसाने पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर घरातली कुंडी ठेवावी, ही गोष्ट आम्हांला या कामात सतत सोबत करत होती.

[दृश्य : दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुटलेल्या काड्या.]

पुढे ऑक्टोबरमध्ये आम्ही दिंडोरीकडच्या एका बागेत गेलो. द्राक्षाच्या वेलीवर घड आणि बाळी एकाच प्रकारच्या अंकुरातून घडतात, आणि त्याचे काय व्हायचे ते बऱ्याच अंशी एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे हंगाम संपल्यावर काड्या आखूड कापल्यानंतर, ठरते. त्या काळात वाढणाऱ्या काडीला पुरेसे ऊन मिळाले तर तिच्या डोळ्यात, म्हणजे पुढच्या फुटीच्या कोंबात, घड धरतो, आभाळ भरून राहिले तर घड कमी धरतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरही घड जिरून त्याची बाळी होऊ शकते. बागायतदाराने आम्हांला अशी एक बाळी दाखवली, जिच्या टोकाला मोहरीएवढे तीन मणी होते. त्याच्यासाठी ते नुकसान होते आणि त्याने ते तसेच सांगितले. कॅमेऱ्याला सुंदर दिसते म्हणून आम्ही तिच्यापाशी फार वेळ रेंगाळणे बरे नव्हते.

[दृश्य : येवल्यातील हातमाग. पैठणीच्या काठावरची आसावली.]

नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याच्या पैठणीवर फुलवेलीची जी नक्षी विणतात, तिला आसावली म्हणतात. मागावर फक्त उभे आणि आडवे धागे असतात, त्यामुळे वेलीचे वळण तिथे बारीक पायऱ्यापायऱ्यांनी रचावे लागते, आणि डोळ्यांना ते गोल वाटावे यासाठी विणकर प्रत्येक ओळीत धागे मोजत पुढे जातो.

[दृश्य : पुन्हा गॅलरी. भाद्रपदात टिपलेले चित्रण.]

भाद्रपदात एके सकाळी कॅमेरा हलवायला गेलो, तेव्हा वेलाच्या एका नव्या तणाव्याने रात्रीतून ट्रायपॉडच्या पायाला विळखा घातला होता आणि मधल्या भागात उलटे वळणही पडू लागले होते. आईने तो सोडवू दिला नाही. कारली उतरेपर्यंत ट्रायपॉड तिथेच उभा राहिला आणि दिंडोरी व येवल्याचे चित्रीकरण आम्ही कॅमेरा हातात धरून केले.