माळ्यावरचा अर्धवट शर्मन: पुन्हा सुरुवात कुठून करायची?

नमस्कार मंडळी! बऱ्याच वर्षांनी मॉडेल बनवायला बसताय? मग नवं किट घेऊ नका, माळ्यावर पडलेलं अर्धवट किट खाली काढा. आज आपल्यासमोर आहे 1/35 मापाचा एम4ए3 शर्मन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन रणगाडा. खालचा हल, म्हणजे रणगाड्याचा सांगाडा, जोडलेला, बाकी बरंचसं अजून स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर. हात पुन्हा बसवायला रणगाडाच बरा. वेल्डिंगच्या ओबडधोबड रेषा, वर धूळ-चिखल. विमानावर लगेच डोळ्यांत भरणारी चूक इथे खपून जाते.

बंद खोक्यात प्लॅस्टिक सहसा टिकतं. बिघडतात ते ट्रॅक (चाकांवरचे पट्टे), डिकॅल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हं) आणि जुने जोड. म्हणून आधी हे तीन तपासायचे.

पहिले ट्रॅक. हे चाक कॅमेऱ्याजवळ धरतो. कडेला खड्डे दिसतायत? ट्रॅकच्या मऊ व्हिनाइलमधलं प्लॅस्टिसायझर (मऊपणा देणारं रसायन) हळूहळू बाहेर येतं आणि चिकटून राहिलेल्या पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, वितळवतं. म्हणून ट्रॅक नेहमी वेगळ्या पिशवीत ठेवा. खड्ड्यात पुट्टी भरा, वाळल्यावर घासा आणि ती बाजू जमिनीकडे येईल असं चाक बसवा. ट्रॅक हलका वाकवून पाहा. तडे गेले, तर सरळ बदली ट्रॅक घ्या. मऊ असेल, तर जुन्या पद्धतीने तापलेल्या स्क्रूड्रायव्हरने जोडाच्या खुंट्या दाबून वितळवा. ते धरलं नाही, तर काळ्या दोऱ्याने दोन टाके घाला आणि जोड वरच्या बाजूला, स्पॉन्सनखाली (हलचा ट्रॅकवर आलेला भाग) लपवा. शर्मनचा ट्रॅक ताणलेला असतो. जर्मन टायगर रणगाड्यासारखा झोल इथे द्यायचा नाही.

आता हल उलटा करा. जुन्या किटांत मोटरसाठी ठेवलेली भोकं असतात आणि ट्रॅकच्या वरचा स्पॉन्सन खालून उघडा असतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक शीटचे तुकडे कापून ते बंद करा. एवढीच सुधारणा पुरे. पितळी फोटो-एचचे सेट (पातळ पत्र्याचे बारीक जादा भाग) या मॉडेलसाठी घेऊ नका. त्यांच्यापायीच किट पुन्हा माळ्यावर जातं.

जुना प्रत्येक जोड बोटांनी दाबून बघा. उघडला, तर वाळलेला गोंद ब्लेडने खरवडा. मग दोन्ही भाग घट्ट धरून पातळ सिमेंटचा (प्लॅस्टिक जोडायच्या गोंदाचा) ब्रश फक्त फटीला टेकवा. सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. घासायच्या आधी पूर्ण दिवस थांबा. घाई केली, तर प्लॅस्टिक नंतर आक्रसतं आणि रंगाखालून फटीची रेषा पुन्हा उमटते. तोफेच्या नळीवर तर हमखास. नळीला 400, 600, मग 1000 नंबरचा पेपर मारा, तोही गोल फिरवत. एकाच जागी घासलं, तर नळी चपटी होते.

हातांचं तेल आणि धूळ काढायला सगळं कोमट साबणपाण्याने धुवा, वाळवा, प्रायमर मारा. रंग तामिया कंपनीचा एक्सएफ-62, ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी हिरवट-तपकिरी). एअरब्रशसाठी (रंग फवारायच्या पेनासाठी) तामियाचंच एक्स-20ए थिनर समप्रमाणात घाला, दाब साधारण 15 पीएसआय, आणि दोन-तीन पातळ हात. ट्रॅक रबरी ठोकळ्यांचा असेल, तर सरसकट गंज रंगवू नका. रबर गंजत नाही. ठोकळे धुळकट काळे आणि गंज फक्त कडेच्या पोलादी कड्यांना. खऱ्या रणगाड्यावरचे जोड आणि वेल्डिंग जवळून पाहायचं असेल, तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक चक्कर मारा.

राहिले डिकॅल. पिवळे पडले असतील, तर झिप पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. काही दिवसांच्या उन्हात पिवळेपणा उतरतो. मग नको असलेला एक डिकॅल पाण्यात टाका. तुकडे झाले, तर उरलेल्या पानावर लिक्विड डिकॅल फिल्मचा एक हात द्या आणि प्रत्येक चिन्ह वेगळं कापा, कारण आता पूर्ण पानावर एकच थर झालेला असतो. डिकॅल लावायच्या जागी आधी ग्लॉस (चकचकीत) वार्निश मारा. खरखरीत मॅट रंगावर डिकॅलखाली हवा अडकते आणि रणगाड्यावरचा पांढरा तारा चंदेरी दिसतो.

शेवटचा मॅट वार्निशचा हात मात्र ऐन पावसाच्या दिवशी देऊ नका. दमट हवेत लॅकर वार्निश पांढरं पडतं. मुंबई-कोकणात असाल, तर उघडीप मिळेपर्यंत थांबा आणि आधी स्प्रूच्या रंगवलेल्या तुकड्यावर मारून बघा.