लपायची वर्दी, मिरवायची वर्दी

(दृश्य : अचलपूर तालुक्यातलं एक गाव. संत्र्याचा बगीचा, मागे मेळघाटाच्या टेकड्या. ओसरीत काळी लोखंडी पेटी.)

निवेदन :

जानेवारीचा शेवटचा आठवडा. आंबिया बहाराची संत्री उतरून गेलीत, मृगाची अजून झाडावर आहेत. शाळेत सव्वीस जानेवारीची तयारी चाललीय, आणि इकडे ओसरीत पेटी निघालीय. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, हुद्दा, नाव. फौजीच्या घरी ही पेटी असतेच, मग घर कुडाचं असो की स्लॅबचं.

सगळ्यात वर अंगोला शर्ट, लोकर मिसळलेल्या कापडाचा, थंडीतला. त्याखाली ऑलिव्ह ग्रीन टेरीकॉट. फौजेत त्याला नुसतं ओजी म्हणतात. आणि अगदी तळाशी आजोबांची खाकी ड्रिलची, म्हणजे जाड सुती कापडाची, हाफपॅन्ट. घेर इतका, की आजच्या पोराचे दोन्ही पाय एकाच बाजूत जातील.

पेटी वरून उपसली तर वर्दीचा इतिहास उलटा हाती येतो. म्हणून आपण तळापासून जाऊ. तळाच्याही खालून.

(दृश्य : अचलपूरचा जुना परकोट, दरवाजा.)

हे अचलपूर, म्हणजे जुनं एलिचपूर. १७८८ मध्ये इथल्या नवाब सलाबत खानानं एक पलटण उभी केली. पुढे ती निजामाच्या नावानं चालणाऱ्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंटमध्ये गेली. या कंटिंजंटचा खर्च थकला, म्हणून १८५३ च्या तहात निजामानं वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवलं. त्या शिपायांचा पगार आणि अंगावरचा कपडा वऱ्हाडच्या महसुलातून निघायचा. हीच पलटण पुढे १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये आली आणि १९४५ साली रेजिमेंटचं नाव बदलून कुमाऊं झालं. आजची चौथी कुमाऊं ती हीच. तिच्याकडे आपण परत येऊ.

कंपनीच्या हिंदी शिपायाचा कोट लाल होता. त्या काळी बंदुकीतून काळी दारू उडायची आणि दोन-चार फैरींत मैदान धुरानं भरायचं. आपली माणसं कुठं उभी आहेत, हे सेनापतीला कळायला रंग भडकच लागायचा. तेव्हाच्या वर्दीचं काम दिसण्याचं होतं. १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. नागपूरच्या मे महिन्यात छातीशी घट्ट बसणारा लोकरी कोट अंगात घालून कवायत म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

१८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्यानं गाइड्स ही तुकडी उभारली आणि तिला मातीच्या रंगाचे कपडे दिले. फारसीत खाक म्हणजे धूळ; खाकी हा शब्द तिथला. १८५७ च्या धामधुमीत बऱ्याच पलटणींनी आपले पांढरे ड्रिलचे कपडे मिळेल त्यात बुडवले. कोणी चहात, कोणी चिखलात. रंग उतरायचा, आणि एकाच रांगेत दहा माणसांच्या दहा छटा दिसायच्या. धुण्यात टिकणारा पक्का खाकी रंग निघाला तो १८८४ च्या सुमारास, लँकेशायरमध्ये. तोवर लांब पल्ल्याच्या रायफली आल्या होत्या, मागोमाग बिनधुराची दारू आली. धूर गेला तसं लाल कोटाचं कामही गेलं. आता दिसला तो मेला.

आजोबांची हाफपॅन्ट याच खाकीची. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात मात्र हीच खाकी उठून दिसायला लागली. हिरव्या रानात धुळीचा रंग काय कामाचा? फौज हिरव्याकडे वळली आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या सेनेनं ऑलिव्ह ग्रीन कायम केला. खाकी पोलिसांकडे राहिली. पाकिस्तानी फौजेनंही खाकीच ठेवली.

(दृश्य : खांद्यावरचे बिल्ले, जवळून.)

२६ जानेवारी १९५० ला कापड तेच राहिलं, खांदा बदलला. ब्रिटिश मुकुट उतरला, त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. जुना चौकोनी तारा जाऊन पाच टोकांचा तारा आला. लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन, मेजरला नुसता सिंह, लेफ्टनंट कर्नलला सिंह आणि एक तारा. नायब सुभेदार, सुभेदार यांच्या ताऱ्याखाली लाल-पिवळी आडवी फीत असते. गावात इथंच घोटाळा होतो. दोन तारे दिसले की पाहुणेमंडळी सुभेदाराला ‘लेफ्टनंटसाहेब’ करून टाकतात. तारे मोजायच्या आधी फीत पाहावी.

(दृश्य : परतवाड्यातलं शिलाईचं दुकान. मशीन, खडू, कोळशाची इस्त्री.)

सरकारी शिवलेली वर्दी मिळते ती ठोकळ मापाची. ती अंगावर बसवणं हे टेलरचं काम, आणि लग्नाच्या कोटाला ‘थोडा ढिला ठेवा ना जी’ चालतं तसं इथं चालत नाही.

कापड सुती ड्रिल असेल तर कात्री लावायच्या आधी रात्रभर पाण्यात. नाहीतर पहिल्या धुण्यात बाही मनगटाच्या वर चढते. टेरीकॉट फारसा आटत नाही, ती भीती तिथं नाही. पँटची मोहरी सरळ कापायची नाही. पुढं ती बुटाच्या लेसवर टेकली पाहिजे आणि मागं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली उतरली पाहिजे, म्हणजे चालताना मोजा दिसत नाही. सरळ कापली की पुढं चुणी पडते, नाहीतर मागून टाच उघडी.

डाव्या खिशाच्या झाकणाच्या वर पदकांच्या रिबनी, उजव्या खिशावर नावाची पट्टी, दोन्ही एका रेषेत. टेबलावर शर्ट पसरून खुणा केल्या तर रेष बरोबर दिसते आणि माणसानं शर्ट घातला की छातीच्या उभारानं एक बाजू वर जाते. म्हणून जाणता टेलर गिऱ्हाइकाला उभं करतो, दोन्ही खिशांच्या वरच्या काठांवरून दोरा ताणतो आणि अंगावरच खडूची खूण करतो. हवालदाराच्या तीन फिती, नायकाच्या दोन, लान्सनायकाची एक. फितीचं खालचं टोक बाहीच्या क्रीजवरच यायला हवं. आधी फीत शिवून मग क्रीज मारायला गेलं की हे जमत नाही, क्रीज आधी.

आता इस्त्री. सुती वर्दीला खळ लागते. साबुदाणा किंवा तांदळाची पेज पातळ करून, गाळून. गाळली नाही तर हिरव्या कापडावर वाळल्यावर पांढरे ठिपके उमटतात, आणि ते ब्रशनं निघत नाहीत. पुन्हा धुणं आलं. घट्ट खळ घातली तर क्रीजवर कापड चिरतं. कापड अर्धवट ओलं असतानाच इस्त्री फिरवायची. पँटची जुनी क्रीज पाणी मारून पुरती मोडली नाही तर नवी तिच्या शेजारी बसते आणि एका पायावर रेल्वेचे रूळ. परेडीत शिक्षा व्हायला एवढं पुरतं.

टेरीकॉटचं उलटं. खळ धरत नाही आणि तापल्या इस्त्रीनं चकाकतो. खिशाची कड, शिवणी, बैठक आधी चमकायला लागतात. ती चमक मग जात नाही. धागाच वितळून चपटा झालेला असतो. ओल्या फडक्यावरून, मध्यम आचेवर, एवढाच उपाय. आणि हे कापड श्वास घेत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशात टेरीकॉटची वर्दी दिसायला कडक, आत माणूस उकडलेला. सुती ड्रिल तेवढ्यापुरती बरी होती, हे आमचं मत.

(दृश्य : बूट, बिल्ले, पितळेची बटणं.)

पितळ ब्रासो पॉलिशनं चमकतं. घासताना बटणाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, नाहीतर कापडावर पांढरट कड राहते. पण सोनेरी मुलाम्याच्या हलक्या बटणांना ब्रासो लावू नये. वरचा थर निघतो आणि खालचं करडं धातू कायमचं उघडं पडतं. बुटाचा पुढचा टोप सुती फडकं, दोन थेंब पाणी आणि बारीक गोल फिरवत, थरावर थर देत चमकवायचा. बूट जिथं वाकतो तिथं मेणाचा जाड थर द्यायचा नाही. दहा पावलांत तो तडकतो. उन्हाळ्यात मेण मऊ पडतं आणि त्यावर सगळी धूळ बसते. आपल्याकडे मे महिन्यात बूट सावलीतच चमकवावेत.

रायफल रेजिमेंटांचे बिल्ले आणि बटणं मात्र काळी. गढवाल असो, राजपुताना असो की गोरखा, हे मुळात विखरून, आडोशानं लढणारे. पितळ उन्हात चमकलं की जागा कळायची. ती लपण्याची गरज संपली, काळा रंग परेडीवर मानाचा होऊन राहिला.

(दृश्य : गरम पाण्याची बादली, नवी बॅरे.)

बॅरे म्हणजे फौजेतली गोल, बिनकाठाची टोपी. नवी लोकरी बॅरे डोक्यावर तव्यासारखी बसते. तिला आकार द्यावा लागतो. कोमट पाण्यात भिजवा, मग थंड पाण्यात. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. ओलीच डोक्यावर चढवायची : चामडी पट्टी भुवयांच्या वर इंचभर, सपाट, बिल्ला डाव्या डोळ्यावर, वरचं कापड उजवीकडे ओढून कानावर दाबायचं. अर्धा-पाऊण तास तशीच ठेवून नंतर उपड्या तपेलीवर सावलीत वाळवायची. उकळत्या पाण्यात घातली तर आटते. उन्हात टाकली तर पट्टी आक्रसून कडक होते आणि कपाळावर वळ उठतो. वरचे केस वस्तऱ्यानं हलक्या हातानं काढतात.

बॅरेचा रंगही बोलतो. पॅराचा, म्हणजे छत्रीधारी सैनिकांचा, मरून, रणगाडेवाल्यांचा काळा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या हिरव्या बॅरेवर लाल-हिरवा तुरा, ज्याला हॅकल म्हणतात. महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन मशीनगन. आणि कामठीला ज्यांचं केंद्र आहे त्या गार्ड्सचा गरुड. १९४९ मध्ये तेव्हाचे सेनाप्रमुख करिअप्पा यांच्या पुढाकारानं ही रेजिमेंट उभी राहिली; इथल्या जवानाला शिपाई म्हणत नाहीत, गार्ड्समन म्हणतात.

(दृश्य : पदकांची पट्टी, हातात.)

पेटीतली सगळ्यात जड वस्तू एवढुशी असते. प्रत्येक पदकाची रिबन ३२ मिलिमीटर रुंद. चार रिबनी शेजारी म्हणजे १२८ मिलिमीटर, खिशाच्या रुंदीइतक्या. पाचवी आली की दुसरी ओळ. सर्वांत मानाचं पदक छातीच्या मध्याकडे, बाकीची त्याच्यापासून बाहेर. गावात ती कधी उलटी लागतात. पदकं लावली की नुसत्या रिबनींची पट्टी काढायची. दोन्ही एकदम नाहीत. मेस ड्रेसवर, म्हणजे संध्याकाळच्या मेजवानीच्या वेषावर, छोटी पदकं.

परमवीर चक्राची रिबन साधी जांभळी. हे पदक सावित्रीबाई खानोलकरांनी आखलं. त्या जन्मानं युरोपियन, पती विक्रम खानोलकर सेनाधिकारी. ब्राँझचं चक्र, त्यावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. ३ नोव्हेंबर १९४७, बडगाम. शर्मा चौथ्या कुमाऊंचे. म्हणजे अचलपुरात उभ्या राहिलेल्या त्याच पलटणीचे. अचलपुरात हे फारसं कोणी सांगत नाही.

निवृत्त माणसानं गावच्या झेंडावंदनाला पूर्ण वर्दी चढवायची नसते. बंद गळ्याचा कोट, डाव्या छातीवर पदकं, एवढं पुरे आणि तेच शोभतं. गेलेल्या जवानाची पदकं पत्नीनं किंवा मुलानं लावली तर ती उजव्या छातीवर. उजवीकडे पदक दिसलं की ते कुणा गेलेल्या माणसाचं आहे असं समजावं, आणि चुकीच्या बाजूला लावलंय म्हणून टोकू नये.

ज्याचा फौजेशी संबंध नाही त्यानं लोकांनी सैनिक समजावं म्हणून हा वेष घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी बाजारातले ठिपक्यांचे टीशर्ट घालून रस्त्यानं धावावं, हरकत नाही, बिल्ले नकोत.

(दृश्य : डिजिटल ठिपक्यांची नवी वर्दी.)

हे नवे चौकोनी ठिपके १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनी दिसले. दिल्लीच्या निफ्ट या फॅशन संस्थेच्या मदतीनं आखलेले. कापड सत्तर टक्के सूत, तीस टक्के पॉलिएस्टर. शर्ट पँटमध्ये खोचायचा नाही, पट्टा शर्टाच्या आत. या नक्षीवर सेनेचा नोंदलेला हक्क आहे. परवानगीशिवाय टेलरनं ती शिवून विकू नये.

१ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्यांची टोपी, हुद्द्याचे बिल्ले, कॉलरचे लाल पट्टे, कमरपट्टा आणि बूट एकसारखे झाले. खांद्याची दोरी, लॅन्यार्ड, गेली. ब्रिगेडियरच्या हाताखाली निरनिराळ्या रेजिमेंटा असतात. त्याच्या डोक्यावर एकीचाच रंग नको. कर्नल आणि खालच्यांचं मात्र जसंच्या तसं. गोरखा अधिकारी आयुष्यभर तिरकी हॅट घालून एका सकाळी बॅरे चढवतो, तेव्हा आरशासमोर थोडा थांबत असेल. तरी निर्णय रास्त वाटतो.

(दृश्य : पुन्हा ओसरी. सत्तावीस जानेवारीची सकाळ.)

झेंडावंदन झालं. कोट वाळत टाकलाय, घाम सुकल्याशिवाय पेटीत जायचा नाही. पदकं वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, कागदानं काळवंडतात. मऊ सुती कापडात, एकमेकींना घासणार नाहीत अशी. पितळी बिल्ले कापडावरून काढून वेगळे, नाहीतर पावसाळ्यात हिरवा डाग धरतो. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट होतं. वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत, कोपऱ्यात. खाकी हाफपॅन्ट पुन्हा तळाशी. वरून ओजी, त्यावर अंगोला, आणि शेवटी बॅरे. तिच्यात मात्र कागदाचा बोळा घातलाय, आकार जाऊ नये म्हणून.