चारचौघं म्हणजे किती?

नमस्कार श्रोतेहो.

"जरा चारचौघांसारखं वागत जा." हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणार. आणि खरं सांगायचं तर कुणाला तरी सुनावलेलंही असणार. मी सुनावलेलं आहे. यातले चारचौघं नेमके कोण, ते मात्र कुणी सांगत नाही. नावं विचारायला जा, बोलणाऱ्याचा पारा चढतो. मला आज त्यांची नावं नकोत. मला कुतूहल आहे ते आकड्याचं. चारचौघंच का? दहाजण का नाहीत, शंभर का नाहीत?

भाषेने हा आकडा बोलता बोलता सहज उचलला असेल. पण सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तो जवळजवळ मोजून काढला. अमेरिकेत, १९५०च्या सुमाराला. त्याचा प्रयोग इतका साधा होता की ऐकताना हसू येतं. एका कार्डावर एक रेघ. दुसऱ्या कार्डावर तीन रेघा, लहानमोठ्या. पहिल्या रेघेएवढी यातली कोणती, एवढंच सांगायचं. एकट्याला विचारलं तर शंभरात एकदाही चूक व्हायची नाही, इतकं ते उघड होतं.

मग त्याने सात ते नऊ कॉलेजकुमार एका खोलीत बसवले. त्यातला एकच खरा पाहुणा, बाकीचे सगळे आधीच पढवलेले. पाहुण्याची पाळी शेवटी किंवा शेवटून दुसरी. अठरा फेऱ्या. पहिल्या एकदोन फेऱ्या सुरळीत पार पडतात, सगळे बरोबर उत्तर देतात. आणि मग पहिला मुलगा शांतपणे चुकीच्या रेघेकडे बोट दाखवतो. दुसरा तेच म्हणतो. तिसरा त्याची री ओढतो. आपला पाहुणा डोळे बारीक करून कार्डाकडे बघतो, शेजाऱ्याकडे बघतो, आणि त्याची पाळी येते.

अशा बारा फेऱ्यांत सगळे मिळून चुकत होते. त्या फेऱ्यांमध्ये पाहुण्यांनी दिलेल्या उत्तरांपैकी सुमारे ३७ टक्के उत्तरं इतरांसारखी, म्हणजे चुकीची होती. समोर रेघ ढळढळीत दिसत असताना!

आता आकड्याची गोष्ट. ॲशने विरोधकांची संख्या एकापासून पंधरापर्यंत बदलून पाहिली. समोर एकच माणूस चुकीचं बोलत असेल तर पाहुणा त्याला फारशी भीक घालत नव्हता. दोघं झाले की चुकीची उत्तरं १३.६ टक्के. तिघं झाले की थेट ३१.८. आणि त्यानंतर? जवळपास तिथेच. तिघांचे पंधरा केले तरी फार मोठी भर पडेना. म्हणजे तीन जण एकमुखाने बोलणारे आणि चौथे आपण. झाले की चारचौघं!

ही गोष्ट सहसा 'माणूस म्हणजे मेंढरू' या तात्पर्यासाठी सांगतात. मला ते पटत नाही. ३७ टक्के उत्तरं चुकली, तर ६३ टक्के बरोबर आली, आणि तीही एकट्या माणसाने, सगळी खोली विरोधात असताना दिलेली. साधारण चौघांतला एक तर एकदाही ढळला नाही. ॲशलासुद्धा या न ढळणाऱ्यांचं कोडं तितकंच मोलाचं वाटत होतं. त्याने प्रयोगानंतर सगळ्यांना बसवून विचारलं, की बाबांनो, तुमच्या मनात काय चाललं होतं?

ढळलेल्यांची उत्तरं ओळखीची वाटतात. कुणी म्हणालं, ते बरोबर आणि मीच चूक असणार. कुणाला वाटलं, तुमच्या प्रयोगाचा विचका नको. काहींची समजूत झाली की आपल्यातच काहीतरी खोट आहे आणि ती लपवली पाहिजे. आपण किती वेळा इतरांच्या मागे गेलो, हा आकडाही त्यांनी खऱ्यापेक्षा कमीच सांगितला. इथे मी थांबते जरा, कारण मला वाटतं खरी मेख इथे आहे. आपण वाहवत जातो ते एकवेळ ठीक. पण किती वाहवलो याचा हिशेबही आपल्याकडे नसतो.

आणि न ढळलेले? ते सगळेच काही छाती पुढे काढून बसले नव्हते. कुणाला घाम फुटला होता. त्यातल्या काहींचं म्हणणं मला सगळ्यात आवडतं. त्यांना आतून वाटू लागलं होतं की बहुधा बाकीच्यांचंच बरोबर असावं. तरी ते आपल्याला दिसलं तेच सांगत राहिले. का? तर मला काय दिसतं असं विचारलं होतं, मग दिसलं ते सांगणं माझं काम.

श्रोतेहो, स्वतःशी प्रामाणिक राहणं म्हणतात त्यातला मला कळलेला भाग एवढाच आहे. 'मीच बरोबर' हा हट्ट त्यात नाही. साक्षीदाराने साक्ष द्यावी, निकाल देऊ नये, तसं काहीसं. मराठीत आपण म्हणतो ना, 'जनाची नाही तर मनाची तरी'. म्हणजे जनाची लाजही धरली आहेच, फक्त ती संपली की मनाची शिल्लक असावी.

कारण सगळं मिसळणं काही वाईट नसतं. शार्त्राँ आणि बार्ग या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की समोरचा माणूस पाय हलवत असेल तर आपलाही पाय नकळत हलू लागतो, तो चेहऱ्याला हात लावत असेल तर आपलाही हात वर जातो. आणि ज्याची अशी हालचाल आपण उचलतो, त्याला आपण थोडे जास्त आवडू लागतो. बोलण्याची पट्टी, हसण्याची वेळ, कपड्यांचा रंग, यात माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. आईशी बोलताना एक आवाज, साहेबांशी दुसरा, मैत्रिणीशी तिसरा. यातला खरा कोणता असं विचाराल तर तिन्ही. मुद्दाम सगळ्यांच्या उलट चालणारा माणूससुद्धा मला काही फार स्वतंत्र वाटत नाही. त्यालाही आधी सगळे कुठे चालले आहेत ते बघावंच लागतं.

तर मिसळावं खुशाल. अडचण येते ती कुणीतरी 'तुम्हाला काय दिसतं?' असं विचारतं तेव्हा.

आणि कधीकधी तर सगळे ज्या बाजूला निघालेले दिसतात, त्या बाजूचं चारचौघांतलं एकही माणूस नसतं. जेरी हार्वे नावाच्या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकाने १९७४ मध्ये आपल्याच घरातली गोष्ट लिहिली. टेक्ससमधली रणरणती दुपार. तो, त्याची बायको आणि सासूसासरे ओसरीवर सुखाने बसलेले. सासरे म्हणाले, ॲबिलीनला जेवायला जाऊ या. ॲबिलीन त्रेपन्न मैलांवर. बायको म्हणाली, छान कल्पना आहे. हा म्हणाला, मला चालेल. सासूबाई म्हणाल्या, मला तर जायचंच आहे. धुळीने माखून, घामाने निथळून, बेचव जेवून चौघं परत आले आणि मग हळूहळू बाहेर पडलं की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनासुद्धा नाही! इतरांना कंटाळा आला असेल म्हणून ते आपले सहज बोलले होते. मोजा बरं, किती माणसं होती ती. चारच.

ॲशच्या खोलीकडे परत जाऊ, कारण त्याने आणखी एक गोष्ट करून पाहिली. पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. एवढ्यानेच पाहुण्यांच्या चुका पूर्वीच्या चौथ्या हिश्शावर आल्या. पुढे तर त्याने असा सोबती बसवला जो इतरांपेक्षाही जास्त चुकीचं उत्तर द्यायचा. तरीही चुका अवघ्या ९ टक्क्यांवर आल्या. म्हणजे त्या सोबत्याचं बरोबर असणंही गरजेचं नव्हतं. त्याने फक्त एकमत मोडलं होतं. एक जण वेगळं बोलला आणि खोलीत दुसऱ्याला जागा झाली. पण हाच खरं बोलणारा सोबती अर्ध्यावर फितूर होऊन बाकीच्यांना मिळाला, तर चुका पुन्हा उसळून २८.५ टक्क्यांवर जायच्या. तो काही कामाचं निमित्त सांगून खोलीतून निघून गेला तर मात्र इतकं बिघडायचं नाही. त्याने दिलेला धीर त्याच्या मागे काही काळ टिकायचा.

हे सगळं मला ठाऊक होतं. वाचलेलं होतं, दोनदा शिकवलंही होतं. आणि तरीही, काही वर्षांपूर्वी, आम्ही सात जण एका बैठकीत बसलो होतो. एका कामाची मुदत ठरत होती. ती पाळणं शक्य नाही हे मला कागद बघताक्षणी दिसलं, त्या रेघेइतकं स्वच्छ. प्रमुखांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" पहिल्याने मान हलवली. दुसऱ्याने 'जमेल' म्हटलं. तिसरी म्हणाली, "हो, जमवू या." माझी पाळी आली. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं आणि म्हटलं, "ठीक आहे."

जिना उतरताना ती तिसरी माझ्या शेजारी आली. म्हणाली, "हे काही होणार नाही, हो ना?"

"नाहीच होणार," मी म्हटलं.

"मग ताई, तुम्ही बोलला का नाहीत? मी आपली तुमच्याकडेच बघत होते."

मी तिच्याकडे बघत होते, हे मी तिला सांगितलं नाही.

नमस्कार.