केकचं भांडं निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

केक बिघडला की आपण आधी कृतीला दोष देतो, मग ओव्हनला, आणि शेवटी स्वतःला. ज्या डब्यात तो भाजला, त्या डब्याकडे सहसा कुणी बघत नाही. माझीही कित्येक वर्षं अशीच गेली. केकच्या कडा करपायच्या, मधोमध टेकडी यायची, तिला भेग पडायची आणि सुरी घालावी तर आत ओलं मिश्रण. तापमान कमी करून पाहिलं, बेकिंग पावडर बदलून पाहिली. मग एकदा एकाच पातेल्यात कालवलेलं मिश्रण सारख्या मापाच्या दोन डब्यांत अर्धं-अर्धं ओतलं. एक माझा नेहमीचा, काळा, पातळ पत्र्याचा. दुसरा मैत्रिणीकडून मागून आणलेला, जाड, फिकट रंगाचा, ॲल्युमिनियमचा. दोन्ही एकाच जाळीवर शेजारी शेजारी ठेवले. काळ्या डब्यात तीच टेकडी, तीच कडक कड. फिकट डब्यातला केक मात्र जवळजवळ सपाट, आणि कापल्यावर कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा मऊ. त्या दिवसापासून मी भांड्याकडे नीट बघायला लागले.

असं का होतं? गडद रंग ओव्हनच्या तापलेल्या भिंतींची आणि कॉइलची धग जास्त शोषून घेतो, फिकट चकचकीत रंग ती बरीचशी परत फेकतो. काळ्या डब्याची कड लवकर तापते, कडेचं मिश्रण लवकर घट्ट होतं आणि मधलं अजून फुगतच असतं. त्याला बाजूला जायला जागाच उरत नाही, म्हणून ते वर चढतं. तुमच्याकडे काळाच डबा असेल तर टाकून देऊ नका. तापमान साधारण १५ अंश सेल्सिअसने कमी ठेवा आणि केक थोडा लवकर तपासा. पावाला जेव्हा खमंग, तपकिरी कवच हवं असतं, तेव्हा हाच काळा डबा कामाला येतो.

धातूचं म्हणाल, तर केकसाठी मी डोळे झाकून ॲल्युमिनियम सांगेन. स्टेनलेस स्टील दिसायला देखणं आणि टिकायला दणकट, पण ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून जास्त चांगली उष्णता वाहून नेतं. उष्णता सगळीकडे सारखी पसरली की केकही सारखा भाजतो. आंबट फळं घालून काही भाजायचं असेल तर साध्या ॲल्युमिनियमवर आम्लाची क्रिया होते, तेव्हा ॲनोडाइज्ड, म्हणजे वर कडक संरक्षक थर दिलेलं ॲल्युमिनियम घ्या.

जाडी मात्र हाताने पारखायची. दुकानात ट्रे उचला, समोरासमोरचे दोन कोपरे धरा आणि हलकेच पिळून बघा. हातात पिळला जाणारा ट्रे ओव्हनमध्ये हमखास वाकणार. बिस्किटं भाजत असताना आतून 'टण्' असा आवाज आलेला तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. तो पत्रा वाकल्याचा आवाज. तेवढ्यात एका बाजूची बिस्किटं दुसऱ्या बाजूला सरकलेली असतात. काठावरून बोट फिरवा. पत्रा बाहेर वळवून गुंडाळलेला असेल तर काठ मजबूत राहतो आणि हाताला कापत नाही. मग आतल्या कोपऱ्यात बोट घाला. तिथे घडी किंवा फट असेल तर तिच्यात मिश्रण अडकणार आणि ते काढता काढता तुम्ही थकणार.

काचेच्या भांड्यांची एक गोष्ट मला फार आवडते. १९१३ साली कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीतल्या जेसी लिटलटन या शास्त्रज्ञाच्या पत्नीने, बेसी लिटलटन यांनी, त्या काळी बॅटरीसाठी वापरत त्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ भांडं म्हणून वापरला आणि त्यात केक भाजला. पुढे १९१५ मध्ये कॉर्निंगची ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी पायरेक्स या नावाने बाजारात आली. काच उशिरा तापते आणि उशिरा निवते, म्हणून पुडिंगसारख्या, भांड्यातूनच वाढायच्या पदार्थांना ती उत्तम. हलक्या स्पंज केकला नाही, कारण बाहेर काढल्यावरही तो आत भाजत राहतो. फ्रीजरमधून काढलेलं काचेचं भांडं थेट गरम ओव्हनमध्ये ठेवू नका, आणि गरम भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका. तडकतं.

सिलिकॉनचे साचे छोट्या मफिनसाठी सोयीचे. पण ते उष्णता कमी वाहतात, कवच फिकं राहतं. नॉनस्टिकला धातूचा चमचा लावू नका, रिकामं तापवू नका. लेप सोलून निघायला लागला की त्या भांड्याचा निरोप घ्या. खरं सांगू? साध्या डब्याला तळाशी बटर पेपर आणि बाजूने तुपाचा हात दिला की नॉनस्टिकची फारशी गरज पडत नाही.

आता मापाबद्दल, कारण सगळ्यात जास्त केक इथेच फसतात. आठ इंची आणि नऊ इंची गोल डब्यात फरक फक्त एका इंचाचा वाटतो. पण आठ इंचीच्या तळाचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच, नऊ इंचीचं सुमारे ६४. म्हणजे पाव हिश्शाहून जास्त फरक. आठ इंचीचं मिश्रण नऊ इंचीत ओतलं की थर पातळ होतो, केक लवकर सुकतो. आणि आठ इंची चौकोनी डब्याचा तळही ६४ चौरस इंचच भरतो, म्हणून नऊ इंची गोल नसेल तर तो बिनधास्त वापरा.

सहा-सात भांड्यांच्या संचाच्या मोहात पडू नका. त्यातली दोनच वापरात येतात आणि पत्रा बहुधा सगळ्यांचाच पातळ असतो. त्यापेक्षा एक जाड गोल डबा घ्या, सरळ भिंतींचा, निदान दोन इंच खोल. नंतर एक सपाट ट्रे, आणि पाव करत असाल तर लांबट डबा. खरेदीला निघण्यापूर्वी स्वतःच्या ओव्हनची आतली रुंदी टेपने मोजून कागदावर लिहून न्या. भांड्याच्या चारही बाजूंनी निदान एक इंच मोकळी जागा हवी, नाहीतर गरम हवा फिरत नाही. आणि दुकानात डब्याचं माप घेताना टेप आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत धरा, बाहेर वळवलेला काठ त्यात मोजू नका.