पगार स्लिपवरची ती एक ओळ

सकाळचे पावणेआठ. नाशिकच्या सातपूर औद्योगिक भागातला पपया नर्सरी चौक. हँडलला डबे अडकवलेल्या सायकली, एका बाईकवर तिघं तिघं, आणि सगळ्यांना घाई एकच, पंचिंग चुकायला नको.

माझे पप्पा याच रस्त्यानं प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर कामाला जायचे. उजव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली. जॉब, म्हणजे दाबलेला तुकडा काढताना प्रेस परत खाली आला, हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद करून ठेवलेला, का तर त्यानं प्रॉडक्शन कमी निघतं म्हणे. पण पप्पांचं ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं कार्ड होतं. ऑपरेशनला खिशातून काही गेलं नाही, पप्पा घरी बसले तरी चूल पेटत होती, आणि त्या बोटांची पेन्शन आजही बँकेत येते.

आमच्या गल्लीतला पोरगा अंबडला कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्पर. त्याचंही बोट गेलं. स्लिपवर ईएसआय कापलेलं होतं पण नंबरच काढला नव्हता, मग प्रायव्हेट हॉस्पिटल, डिपॉझिट, आणि त्याच्या आईनं गळ्यातली पोत मोडली.

ईएसआय आलं १९४८ च्या कायद्यानं, २०२५ पासून ते सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. १० किंवा जास्त कामगार असलेला कारखाना आणि २१ हजारांपर्यंत पगार, एवढं असलं की ईएसआय लागू. १६ हजार पगार असेल तर कामगाराचे १२० कापतात, मालकानं ५२० भरायचे. अपघात झाला तर किती महिने हप्ते भरले ही अट नाही, जखम भरेपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात. आणि कॉन्ट्रॅक्टरनं भरले नाहीत तर मूळ कंपनीनं भरायचे, हेही कायद्यातच आहे.

लोक म्हणतात महात्मा फुले योजना आहे की, ५ लाखांपर्यंत. आहे, आणि तिनं कित्येक घरं वाचवलीत, पण ती ऑपरेशन करून देते, दोन महिने घरी बसलेल्याचा पगार देत नाही. तो ईएसआय देतं. म्हणून सरकारनं नुसत्या योजना काढून भागत नाही हो, गेटवर माणूस पाठवून हजेरीचं रजिस्टर आणि ईएसआयची यादी शेजारी शेजारी ठेवून बघायला पाहिजे, यादीत नाव नसलेले किती पोरं आत मशीनवर उभे आहेत ते.

तो पोरगा आता पुन्हा कामाला जातो, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे. पहिल्या पगाराला त्यानं स्लिप घडी करून खिशात घातली नाही, तिथंच ऑफिसात उभा राहून विचारलं, माझा ईएसआय नंबर सांगा.