गॅरेजवाल्याचा पोरगा आणि हेमिंग्वेचा कोळी

(पडद्यावर: ग्रीस लागलेले पाने, वेल्डिंगच्या ठिणग्या)

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर वाँदे नावाचा सखल, पाणथळ मुलूख आहे. फ्रेंच लेखक फ्रान्स्वा बों तिथला, जन्म 1953 चा. वडिलांचं गाड्यांचं गॅरेज, आई शिक्षिका. पोरगा मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला आणि इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंगमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने धातू जोडण्यात, तरबेज झाला. त्या कामासाठी मॉस्कोला गेला, आपल्या मुंबईतही येऊन गेला. मग 1982 मध्ये पहिली कादंबरी आली, तीही कारखान्यावरच.

आज फ्रेंच वाचक त्याला इंटरनेटवर ओळखतो. ही ओळख एका रात्रीत झालेली नाही. 1997 मध्ये, मोडेम किरकिरत जोडला जायचा त्या काळात, त्याने स्वतःची वेबसाइट उभी केली. पुढे तिचंच एक मोठं घर झालं, ‘त्येर लिव्र’, म्हणजे ‘तिसरं पुस्तक’. हे नाव सोळाव्या शतकातल्या राबले या फ्रेंच लेखकाकडून उचललेलं. 2008 मध्ये ‘प्युब्ली डॉट नेट’ ही ई-पुस्तकांची प्रकाशन संस्थाही काढली.

(पडद्यावर: समुद्र, एकटी होडी)

आता खरी गंमत. अमेरिकी लेखक हेमिंग्वेचं ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ आपल्याला पु. लं.च्या ‘एका कोळियाने’मधून भेटलं. फ्रेंचांकडे होता 1952 चा, जाँ द्युतूर यांचा अनुवाद. अनेकांना तो खटकायचा, पण दुसरा नव्हताच. बों यांनी तो नव्याने केला आणि फेब्रुवारी 2012 मध्ये ई-पुस्तक म्हणून विक्रीला ठेवला. हेमिंग्वे गेला 1961 मध्ये. लेखक जाऊन ठरावीक वर्षं झाली की लेखनावरचे हक्क संपतात, पण ही मुदत देशागणिक वेगळी. कॅनडात त्याचं लेखन तोवर सर्वांना खुलं झालं होतं, फ्रान्समध्ये मात्र नाही. तिथले हक्क गालिमार या बलाढ्य प्रकाशकाकडे. गालिमारने अनुवाद मागे घ्यायला लावला.

कायदा गालिमारच्याच बाजूने होता, हे मान्य करायला हवं. पण वाचकांना कायद्याशी काय देणंघेणं? ट्विटरवर गालिमारच्या नावाची मोडतोड करून त्याची चक्क शिवी बनवली गेली आणि ती गाजली. दुकानात न उरलेल्या पुस्तकाचा अनुवादक घरोघरी पोचला. पुढे 2017 मध्ये गालिमारनेच या पुस्तकाचा नवा अनुवाद काढला. अनुवादक अर्थातच दुसरे.

(पडद्यावर: पुस्तकांनी गच्च भरलेली खोली, कॅमेऱ्यासमोर बोलणारा माणूस)

बों यांनी मग मोर्चा वळवला लव्हक्राफ्टकडे. हा अमेरिकी भयकथाकार 1937 मध्येच वारलेला, म्हणजे हक्कांची कटकट नाही. त्याच्या कथा ते एकामागून एक फ्रेंचमध्ये आणत राहिले.

आणि यूट्यूब. तिथे ना झगमगाट, ना सजवलेला स्टुडिओ. बों आलेली पुस्तकं उघडून दाखवतात, मोठ्याने वाचतात, मध्येच विषय सोडून भरकटतात. मला विचाराल तर हे भरकटणंच बघण्यासारखं. लेखन कार्यशाळा ते कित्येक वर्षं घेत आलेत, आता त्या व्हिडिओवरही असतात. ते एक सूत्र देतात, लोक आपापल्या घरी बसून लिहितात आणि पाठवतात, आणि तो मजकूर ‘त्येर लिव्र’वर लागतो. लिहिणाऱ्यांत शिक्षक असतात, निवृत्त माणसं असतात, आयुष्यात पहिल्यांदाच लिहिणारेही असतात.

(पडद्यावर: गॅरेजचं अर्धं उघडं शटर, आतून रेडिओचा आवाज)